गायनशाळेचें दप्तर

(१)

महाराष्ट्रांत जुन्या कागदांचा शोध करणाऱ्या मंडळींचें लक्ष सनदा, महजर, शकावल्या, करीने व पोथ्या यांकडे लागलें, आणि तें योग्यच झालें. कारण राज्यव्यवहाराचा पाया त्यांतच सांपडतो. परंतु गेल्या दीडशें वर्षांत समाजानें स्वतःच्या हिमतीवर ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांच्या दप्तरास आपण अद्यापि साधनाची योग्यता पुरती दिलेली नाहीं. त्यांतहि सार्वजनिक गायनशाळेचें दप्तर सर्वांत उपेक्षित होय. गवयाचें चरित्र लिहिलें जातें, त्याच्या बैठकींच्या आख्यायिका सांगितल्या जातात, तसबीर भिंतीवर लागते. पण तो ज्या शाळेंत शिकवीत असे तिच्या हजेरीपटावर कोण होतें, फी किती आकारीत, पहिल्या वर्षीं कोणते राग सांगत, तंबोऱ्याच्या तारा कोणाच्या खर्चानें येत, हें पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. शाळा बंद पडली किंवा गुरुजी वारले, कीं हे कागद रद्दींत जातात, आणि त्यांबरोबर त्या गांवच्या संगीताचा लेखी पुरावाहि जातो.

प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, आबालवृद्धांस खुली असलेली गायनशाळा नांवारूपास येते ती गवयाच्या कीर्तीमुळें, पण टिकते ती तिच्या दप्तरामुळें. दुसरी अशी कीं, हें दप्तर वाचण्याची एक विशिष्ट किल्ली आहे, आणि ती हातीं नसल्यास हस्तलिखिताचा अर्थ उलटा लागण्याचा संभव आहे. विवेचनास ठिकाण म्हणून सावनेर घेतलें आहे; कारण मोठ्या शहरांच्या संस्थांविषयीं कांहीं तरी छापलें गेलेलें आहे, तालुक्याच्या गांवांविषयीं मात्र बहुधा नाहीं.

(२)

सावनेर हें नागपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव नागपुराहून छिंदवाड्यास जाणाऱ्या रस्त्यावर, कोलार नदीच्या कांठीं वसलें आहे. गांवाचें जुनें नांव सारस्वतपूर, म्हणजे सरस्वतीचें नगर, असल्याची समजूत इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत नोंदलेली आहे. परंतु केवळ नांवाच्या व्युत्पत्तीवर इमारत रचूं नये हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम असल्यामुळें, तेवढ्यावरून येथें संगीताची प्राचीन परंपरा होती असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. सावनेरचें नांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत कायम झालें तें निराळ्या व दुःखद कारणानें. राम गणेश गडकरी यांचा मृत्यु येथेंच २३ जानेवारी १९१९ रोजीं झाला. त्यांचें 'एकच प्याला' हें नाटक त्यांच्या पश्चात् त्याच वर्षीं रंगभूमीवर आलें. पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचिलीं, आणि बालगंधर्वांच्या गळ्यांतून तीं महाराष्ट्रभर पसरलीं.

हा योगायोग केवळ भावनेचा नाहीं. गायनशाळेची मागणी लहान गांवांत कोठून उत्पन्न झाली याचें एक उत्तर नाट्यसंगीतांत आहे. ज्यानें उभ्या जन्मांत दरबारी बैठक पाहिली नाहीं अशा माणसाच्या कानीं राग पडला तो नाटकाच्या पदांतून, आणि पुढें ध्वनिमुद्रिकांतून. पद गुणगुणणाऱ्यास तें कोणत्या रागाचें आहे हें विचारण्याची बुद्धि झाली, म्हणजे शिक्षकाची गरज लागते.

दुसरा प्रवाह त्याहून जुना व अधिक व्यापक, तो भजनाचा. वऱ्हाड-नागपूर प्रांतीं भजनी मंडळ ही आबालवृद्धांची मूळ गायनशाळाच म्हणावी लागेल. नातू टाळ धरतो, आजा अभंग उचलतो, आणि दोघांमध्यें परीक्षा कोणीच घेत नाहीं. विसाव्या शतकांत तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) खंजिरीवरील भजन व सामुदायिक प्रार्थना यांच्या द्वारें या प्रवाहास नवें बळ दिलें. तिसरा प्रवाह दरबाराचा. पण तिसरे रघूजी भोसले १८५३ सालीं निपुत्रिक वारले व पुढील वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झालें, तेव्हां या प्रांतीं कलावंताच्या पोटाचा जो राजकीय आधार होता तो गेला. सारांश, सावनेरसारख्या गांवीं ऐकणारे होते, गाणारे होते, पण पोसणारा राजा नव्हता. सार्वजनिक गायनशाळा हें या परिस्थितीवर शोधलेलें उत्तर होय.

(३)

घराण्याची तालीम आणि शाळेचें शिक्षण यांतील भेद नीट ध्यानीं घेतल्याखेरीज दप्तराचें महत्त्व कळणार नाहीं. घराण्यांत शिष्य गंडा बांधून गुरूच्या घरीं राही. पाणी भरी, सेवा करी, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हां व तितकी चीज पदरांत पडे. ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनीं ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ अशाच रीतीनें विद्या मिळविली. या पद्धतींत लेखनास स्थान नव्हतें. किंबहुना चीज लिहून देणें म्हणजे घरची ठेव परक्यास देणें असें मानीत. अशा पद्धतीनें थोर गवई तयार झाले हें निर्विवाद आहे. पण दुकान चालवून सायंकाळीं तासभर शिकूं इच्छिणारा गृहस्थ, संसारी स्त्री, शाळकरी पोर, यांना तींत दार नव्हतें.

शाळेनें हें दार उघडलें आणि त्याबरोबर चार गोष्टी अपरिहार्य झाल्या. शिकणारे अनेक व निरनिराळ्या वयांचे, म्हणून हजेरीपट आला. वेळ ठराविक, म्हणून अभ्यासक्रम आला. गुरु एक व शिष्य पुष्कळ, म्हणून चीज कागदावर आली. राजाश्रय नाहीं, म्हणून जमाखर्च आला. या चार वस्तूंचें मिळूनच गायनशाळेचें दप्तर होतें.

(४)

या नव्या पद्धतीचा क्रम सालवार असा दिसतो. मुंबईस कैखुशरू काबराजी यांच्या पुढाकारानें १८७० सालीं पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली. पुण्यास १८७४ सालीं गायन समाज स्थापन झाला. त्याचे चिटणीस बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे हे होते, आणि १८८३ सालीं मद्रासेस त्याची शाखा निघाली. या समाजानें १८८७ सालीं आपल्या कार्याविषयीं इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला, म्हणूनच त्याच्याविषयीं आज आपण कांहीं निश्चित बोलूं शकतों. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ सालीं सुरू झाली. मौलाबक्षांनीं स्वतःची स्वरलेखनपद्धति बसवून क्रमिक पुस्तकेंहि छापविलीं. पुण्यांतील भारत गायन समाज हा भास्करबुवा बखले यांनीं १९११ सालीं स्थापिला, आणि तो आजहि चालू आहे.

यांपैकीं बडोद्याची शाळा राज्याच्या खजिन्यावर चालली. राजाश्रयावांचून केवळ लोकांच्या बळावर मोठी शाळा चालवून पाहण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग मात्र विष्णु दिगंबर पलुसकर यांचा. म्हणून त्याचा विचार थोडा विस्तारानें करणें अवश्य आहे.

(५)

विष्णु दिगंबरांचा जन्म कुरुंदवाड येथें १८ ऑगस्ट १८७२ रोजीं झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें दृष्टि अधू झाली आणि शालेय शिक्षण खुंटलें. तेव्हां मिरजेस बाळकृष्णबुवांच्या हाताखालीं त्यांनीं गायन शिकण्यास आरंभ केला. १८९६ सालीं मिरज सोडून ते उत्तरेकडे निघाले, व ५ मे १९०१ रोजीं लाहोरास (जें आज पाकिस्तानांत आहे) त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. १९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली आणि पुढें तेंच मुख्य ठाणें झालें.

या विद्यालयाची रचना पाहिली म्हणजे गवयाच्या अंगीं व्यवस्थापकाची बुद्धि किती होती हें दिसून येतें. विद्यार्थ्यांचे दोन मुख्य वर्ग होते. एक, फी देऊन ठराविक वेळीं येऊन शिकून जाणारांचा; दुसरा, उपदेशक वर्ग. उपदेशक वर्गांतील विद्यार्थी नऊ वर्षांचा करार लिहून देत, विद्यालयांतच राहत, त्यांचा निर्वाह विद्यालय करी, आणि त्यांनीं पुढें संगीताचा प्रसार करावा अशी अपेक्षा असे. म्हणजे पहिल्या वर्गानें शाळेचा खर्च भागावा व दुसऱ्यानें शिक्षक पुरवावे अशी ही योजना होती. स्त्रियांच्या शिक्षणाचीहि सोय होती. 'संगीत बालप्रकाश' हें पुस्तक मुलांकरितां व 'महिला संगीत' हें स्त्रियांकरितां, अशीं निरनिराळ्या शिकणारांस उद्देशून पुस्तकें त्यांनीं रचिलीं, 'संगीतामृत प्रवाह' हें मासिक काढलें, छापखाना घातला, वाद्यें करण्याची व दुरुस्त करण्याची सोय केली, तिकीट लावून जाहीर जलसे केले. दरबारांत बिदागीसाठीं गाणाऱ्या कलावंताच्या जागीं तिकीट काढून येणाऱ्या लोकांपुढें गाणारा कलावंत आला.

परंतु मुंबईस विद्यालयाची स्वतःची इमारत बांधतांना जें कर्ज झालें तें फिटेना. गुरुजी दौरे करून, जलसे करून द्रव्य आणीत. तेंहि अपुरें पडलें, आणि १९२४ सालीं इमारत लिलावांत गेली. पुढें ते नाशकास रामनाम आधाराश्रमांत राहिले व २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस वारले.

इमारत गेल्यावर संस्था संपली असती तर त्यांत कोणासहि नवल वाटलें नसतें. पण झालें तें उलट. त्याच १९३१ सालीं शिष्यांनीं एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. ८ मे १९३२ रोजीं विनायकराव पटवर्धनांनीं पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केलें. आणि मंडळाच्या परीक्षा गांवोगांव पसरल्या. लिलावांत दगडविटा गेल्या. अभ्यासक्रम, पुस्तकें, स्वरलिपि व करारानें तयार झालेले शिक्षक हे लिलावांत काढतां येण्यासारखे नव्हते. प्रारंभीं जें प्रतिपादिलें, कीं गायनशाळा दप्तरावर टिकते, त्यास याहून सबळ प्रमाण नको.

(६)

दुसरी परंपरा विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची. त्यांनीं निरनिराळ्या घराण्यांच्या चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या, 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मराठींत लिहिली, १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, आणि ग्वाल्हेरचें माधव संगीत विद्यालय (१९१८) व लखनौचें मॅरिस कॉलेज (१९२६) यांच्या स्थापनेस ते कारण झाले. संग्राहकांनीं एवढें ध्यानीं ठेवावें कीं, 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नांवानें निघाला होता. सूची करतांना तो निराळ्या ग्रंथकाराच्या नांवावर पडूं नये.

आतां किल्लीविषयीं. एखाद्या घरीं चिजांची जुनी वही सांपडली, तर ती कोणत्या परंपरेची हें प्रथम ठरविलें पाहिजे. कारण दोन्ही लिपींत चिन्हें तींच असून अर्थ भिन्न आहेत.

स्वराखालीं आडवी रेघ दिसली, तर भातखंडे पद्धतींत तो स्वर कोमल. पलुसकर पद्धतींत मात्र ती रेघ एक मात्रेचा काल दाखविते, आणि कोमल स्वर हलन्तासारख्या खुणेनें दाखवितात. पलुसकर लिपींतील पान भातखंडे लिपीचें समजून वाचलें, तर शुद्ध स्वरांचा राग कोमल स्वरांचा होऊन बसेल.

स्वराच्या डोक्यावर टिंब असेल, तर भातखंडे पद्धतींत तो तार सप्तकाचा. पलुसकर पद्धतींत तोच मंद्र सप्तकाचा. भातखंडे मंद्रासाठीं टिंब खालीं देतात. पलुसकर तारासाठीं डोक्यावर उभी रेघ देतात. येथें चूक झाली, तर सप्तकच बदलतें.

शून्य दिसलें, तर भातखंडे पद्धतींत ती तालाची खाली. पलुसकर पद्धतींत स्वराखालील शून्य म्हणजे अर्धी मात्रा. सम दाखविण्यास भातखंडे फुली (×) करतात, पलुसकर एकाचा आंकडा (१) घालतात; आणि खालीस पलुसकर अधिकाची खूण (+) करतात.

म्हणून वही हातीं येतांच प्रथम समेची खूण शोधावी. फुली असल्यास भातखंडे, आंकडा असल्यास पलुसकर, हा सर्वसाधारण नियम होय. पण एकाच वहींत दोन्ही पद्धतींचीं चिन्हें आढळल्यास ती वही टाकाऊ समजूं नये. तो शिक्षक एका परंपरेंत शिकून दुसरीचीं पुस्तकें वापरीत होता असा तर्क करण्यास ती जागा असते, आणि असा पुरावा छापील पुस्तकांत मिळत नाहीं. तसेंच परीक्षांच्या नांवांवरूनहि कालनिर्णय होतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी गांधर्व मंडळाची चढती माळ प्रमाणपत्रांवर आढळल्यास तो कागद १९३१ नंतरचा.

(७)

नागपुरासहि या चळवळीचा हात पोंचला. शंकरराव सप्रे यांच्याजवळ नागपुरांत शिकलेल्यांत वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) व पुढें चित्रपटसंगीतांत गाजलेले सी. रामचंद्र हीं नांवें येतात. एकाच शिक्षकाच्या हाताखालून एक शिष्य ख्याल व नाट्यपद यांकडे, तर दुसरा चित्रपटाकडे जावा, ही गोष्ट सार्वजनिक शिक्षणाच्या स्वभावास धरूनच आहे. घराणें आपल्यासारखाच गवई घडवूं पाहतें. शाळा कान व गळा तयार करून विद्यार्थ्यास मोकळें सोडते. त्या विद्यार्थ्यांत बहुसंख्य तर कलावंत होतच नाहींत. ते चांगले श्रोते होतात, भजनांत सुरास धरून गातात, घरांतल्या मुलाला सरगम सांगतात. नागपुराची ही छाया सावनेर, काटोल, रामटेक, उमरेड अशा गांवांवर कोठवर पडली हें सांगूं शकतील ते कागद शिकलेल्यांच्या घरींच शोधले पाहिजेत.

तालुक्याच्या गांवीं संशोधकानें पुढील वस्तूंवर नजर ठेवावी : चिजांच्या हस्तलिखित वह्या, परीक्षांचीं प्रमाणपत्रें व गुणपत्रकें, जलशांचीं हस्तपत्रकें, भजनी मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या, नाटकांच्या पदांचीं छापील पुस्तकें, विशेषतः ज्यांच्या समासांत कोणी स्वर लिहून ठेवले आहेत अशीं, पेटी-तबल्याच्या दुरुस्तीच्या पावत्या, आणि शिक्षकानें पालकांस लिहिलेलीं पत्रें. वही मिळाल्यास पानें सुटीं करूं नयेत, क्रम बदलूं नये. चिजांचा क्रम हाच त्या शाळेचा अभ्यासक्रम असतो. कोणता राग आधीं व कोणता मागून, हें त्या क्रमावांचून कळणार नाहीं.

(८)

आज जे कोणी सावनेरसारख्या गांवीं सर्व वयांच्या लोकांसाठीं गायनवर्ग चालवितात किंवा चालवूं इच्छितात, त्यांनाहि या इतिहासांतून कांहीं घेतां येईल.

वर्ग वयावरून न पाडतां तयारीवरून पाडावे. साठ वर्षांचा नवशिका व दहा वर्षांची नवशिकी एका अलंकारावर बसूं शकतात. अडचण वयाची नसून पट्टीची असते. स्त्रिया सामान्यतः काळी चार किंवा पांचच्या सुमारास गातात, पुरुष काळी एक किंवा दोनच्या. आणि मुलग्याचा आवाज फुटूं लागला म्हणजे त्याची पट्टी कांहीं काळ ठरतच नाहीं. या सर्वांस एका स्वरांत ओढून बसविल्यास कोणाचा तरी गळा ताणला जातो. म्हणून हजेरीपटांत नांवापुढें पट्टीचा रकाना ठेवावा आणि सहामाहीस तो तपासावा. शिक्षकास त्याचा उपयोग आज होईल. इतिहासकारास पन्नास वर्षांनीं होईल, कारण त्या एका रकान्यावरून वर्गांत कोण कोण बसत होतें याचें चित्र उभें राहतें.

जमाखर्च रोजचा रोज लिहावा, आणि इमारतीच्या मोहांत शिक्षकाच्या वेतनास धक्का लावूं नये. मुंबईच्या लिलावाचा धडा हाच आहे. देऊळ, वाचनालय, शाळेची पडवी, यांपैकीं कोठेंहि तंबोरा जुळतो; शिक्षक गेला तर मात्र भव्य दिवाणखान्यांतहि तो मुकाच राहतो. फी माफ केल्यास तीहि नोंदावी. कोणास माफ केली व कां, हें त्या संस्थेच्या नीतीचें लेखी प्रमाण असतें. आणि वर्षाच्या अखेरीस हजेरीपट, अभ्यासक्रम, जमाखर्च व जलशांचीं पत्रकें यांचें एक बासन बांधून त्याची एक प्रत गांवच्या वाचनालयांत ठेवावी, म्हणजे गुरुजींच्या घराबरोबर शाळेचा इतिहास संपणार नाहीं.

राजाच्या दप्तरखान्यास पहारेकरी होते, म्हणून पेशवे दप्तर आपल्या हातीं आलें. गायनशाळेच्या दप्तरास पहारेकरी नाहीं. माळ्यावरची पत्र्याची पेटी आणि वाळवी, एवढेंच त्याचें नशीब. ज्यांनीं ताम्रपट शोधण्यासाठीं खेडींपाडीं पालथीं घातलीं, त्या संग्राहकांनीं पुढच्या फेरींत यजमानास एक प्रश्न अधिक विचारावा : घरांत कोणी गाणें शिकलें होतें काय, आणि त्यांची वही आहे काय? पुष्कळ ठिकाणीं उत्तर नकारार्थी येईल. जेथें होकारार्थी येईल तेथें ती वही घरच्यांच्या संमतीनें उतरून घ्यावी, तिचा क्रम राखावा, आणि समेची खूण प्रथम पाहावी.